शाळेची खरेदी, दोन दिवस आणि अक्कलखाती जमा

पिशवीभर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी मंचावर धागा काढतेय. उजव्या हाताची दोन बोटं अजून दुखतायत, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

येत्या सोमवारी, १५ तारखेला शाळा. म्हणून गेला शनिवार-रविवार अख्ख्या घराने मिळून "स्वस्तात" खरेदी करायची असं ठरलं. घर म्हणजे मी, नवरोबा, चिरंजीव (यंदा पाचवी), कन्या (दुसरी) आणि साबा (सासूबाई). आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दोनशे पानी वही ६० ला आहे, तीच पुण्यात अप्पा बळवंत चौकात डझनावर घेतली तर ४४ ला पडते असं ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं आणि ते १६ रुपये माझ्या डोक्यात जे जाऊन बसले ते बसलेच. दोघांच्या मिळून चार डझन, म्हणजे ७६८ रुपये वाचणार. नवरोबा म्हणाले सातशे रुपयांसाठी त्या गर्दीत? मी म्हटलं तुम्ही फक्त गाडी चालवा.

तर शनिवारी दोन गाड्यांवर पाच जण. वह्या घेतल्या, दुकानदाराने सुतळीने गठ्ठे बांधून दिले, पिशवी मागितली तर म्हणाला ताई घाऊकात पिशवी नसते. सुतळी बोटात अशी रुतली की रात्री पोळ्या लाटताना लाटणं धरवेना. मग बोहरी आळीत दोन रेनकोट, ३५० ला एक, "डबल सिलाई आहे, काही बघू नका". रविवारी तुळशीबागेत डबे, बाटल्या, कन्येच्या हट्टाने दिवा लागणारी बाटली (दिवा घरी येईपर्यंत विझला). आणि परत येताना रस्त्यात एका मंगल कार्यालयावर "फॅक्टरी सेल, शेवटचे दोन दिवस" असा फलक दिसला. साबा म्हणाल्या नुसतं बघून येऊ. बाहेर आलो तेव्हा तीन बेडशीट ९९९ ला. घरात आधीच अकरा आहेत, मोजल्या मी आत्ता.

वरखर्च : मिसळ आणि ताक ६२०, उसाचा रस १००, पार्किंग ४०, साबांचे गुडघे बोलायला लागल्यावर रिक्षा १८०. एकूण ९४०.

शिकलेल्या गोष्टी सांगते, म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडतील. घरून निघताना जाड कापडी पिशव्या न्या, चार नाही सहा. मुलांना वह्यांच्या खरेदीला नेऊ नका, बुटांच्या खरेदीला मात्र न्या. भुकेल्या पोटी सेलमध्ये जाऊ नका. आणि यादी फोनमध्ये ठेवू नका, कागदावर ठेवा, कारण त्या गर्दीत एका हातात गठ्ठा, एका हातात पोर, फोन काढणार कसा.

तर प्रश्न असा की तुम्ही घाऊकात घेता का? खरंच वाचतात का पैसे, की आपण नुसतं वाचवल्याचं समाधान घेऊन घरी येतो? अनुभव येऊ द्या.

टिंबटिंब

रुमाल टाकून ठेवतो. बेडशीटचे फोटो टाका.

खडूस_आजोबा

चार डझन वह्या? दुसरी-पाचवीच्या पोरांना? आम्ही एसएससीला एवढ्या वह्या वापरल्या नाहीत. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून त्याची रफ वही करायची पद्धत होती. पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत, आणि कव्हर जुन्या कॅलेंडरचं. गणिताच्या पुस्तकावर गणपती आणि भूगोलावर लक्ष्मी.

पिशवीभर

आजोबा, जुनी पुस्तकं मीही घेतली असती हो, पण आमच्या शाळेत कव्हर खाकीच लागतं, लेबल डाव्या बाजूला की उजव्या हेसुद्धा ठरलेलं. गणपती चालत नाही, त्याला पण गणवेश हवा.

कोथरूडकर

मुळात शनिवारी दोन गाड्या घेऊन अबचौकात (अप्पा बळवंत चौकात) जाणं हीच चूक. आता मंडईला भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. मंडईला उतरा, तुळशीबाग समोर, अबचौक चालत दहा मिनिटं. पार्किंग शोधायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ. कोथरूडकर मेट्रोचं कौतुक करतोय म्हणून हसू नका.

पिशवीभर

आम्ही सिंहगड रोडवाले. आमच्याकडे मेट्रो म्हणजे बाहेरगावची गाडी. पण स्वारगेटला गाडी लावून एक स्टेशन जाता आलं असतं, हे सुचलंच नाही.

अर्धा_हिशोब

ताई, एक विचारू? वह्यांची पानं मोजलीत का?

गंमत नाही करत. "दोनशे पानी" हे आता नाव राहिलंय, आकडा नव्हे. जुन्या लोकांच्या तोंडात बसलंय म्हणून दुकानदारही तसंच म्हणतो. प्रत्यक्षात कुणाच्या १७२ असतात, कुणाच्या १५०-१४०. मागच्या कव्हरवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि त्यात अनुक्रमणिकेचं छापील पान वगैरेही धरलेलं असतं. भाव वहीचा करायचा नाही, पानाचा करायचा. हेच सगळीकडे. बिस्किटाचा पुडा, साबण, तेल, आता तर बऱ्याच पाकिटांवर एमआरपीच्या शेजारी ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, तेवढी एकच ओळ वाचायची, बाकी "२०% जादा" वगैरे रंगीत अक्षरं वाचायचीच नाहीत.

दुसरं, सेलचं. ५०% + २०% म्हणजे ७०% नाही. हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे, म्हणजे ६०%. "दोनवर एक फ्री" म्हणजे ३३%, आणि तेही तिन्ही हवे असतील तर. आणि "अपटू" हा शब्द नेहमी एवढा बारीक का छापतात हा संशोधनाचा विषय आहे. ज्या एका कोपऱ्यातल्या जाकिटावर ७०% असतं ते जाकीट मी आजवर कुणाच्या अंगावर पाहिलेलं नाही.

झेंडू

+१ पानांचं. माझ्या बहिणीला असाच अनुभव आलाय.

मुलुंडची_मावशी

आमची मुंबईची कथा ऐका. कुणीतरी सांगितलं अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरी होलसेलमध्ये मिळते, आणि शेजारीच मंगळदास मार्केट, तिथे गणवेशाचं कापडही बघता येईल. मी, धाकटी जाऊ आणि तिची दोन मुलं, उत्साहाने सकाळी स्लो लोकल पकडून सीएसएमटी. रविवार होता. मंगळदास रविवारी बंद असतं हे आम्हाला मंगळदासच्या बंद दारासमोर उभं राहिल्यावर कळलं. क्रॉफर्ड मार्केटला मुलांनी पक्षी आणि मासे बघितले, आम्ही फालुदा खाल्ला, अर्धा डझन कंपासपेट्या घेतल्या (घरात शाळेत जाणारी मुलं दोन) आणि परत. जाऊ म्हणाली वहिनी, आपण सहलीला आलो होतो असं समजू.

तेव्हापासून माझा नियम एकच. निघायच्या आधी बाजार कुठल्या वारी बंद ते विचारायचं. दादरची बरीच दुकानं सोमवारी बंद, दक्षिण मुंबईतला घाऊक बाजार रविवारी बंद, आणि आपल्याला सुट्टी नेमकी त्याच दिवशी.

आणि परत येताना लोकलमध्ये सामान घेऊन चढायचं असेल तर संध्याकाळी पाचच्या आत. साडेसहाला मी एकदा दोन मोठे तक्ते गुंडाळी करून आणत होते, मुलुंडपर्यंत त्या गुंडाळीने चार जणींना ढोसलं आणि मला चार वेगवेगळ्या भाषांत ऐकून घ्यावं लागलं.

वैदर्भीय

तुमचं बरं आहे, शाळेची खरेदी म्हणजे पावसाची चाहूल वगैरे. आमच्याकडे शाळा उन्हापायी आठवडाभर उशिरा सुरू होते अन् खरेदी करायची ती भर उन्हात नागपूरच्या बर्डीवर. मे महिन्यात ४५ मध्ये पोराला बूट घालून बघायला सांगा, मोजा पायात जातच नाही. आमची आई कांदा खिशात ठेवून बाजारात जाते. घासाघीस पण कोणी करत नाही, दुकानदारही थकलेला अन् गिऱ्हाईकही, दोघंही कूलरसमोर उभे राहून जो भाव निघेल तो मान्य.

म्हापसेकर

गोव्यात तर अजून मजा. २०२५ पासून सहावी आणि वरच्यांची शाळा एप्रिलातच सुरू होते. म्हणजे वह्या-पुस्तकं एप्रिलात, मग मे महिन्यात सुट्टी, मग रेनकोट-छत्री जूनच्या तोंडावर. एकाच खरेदीच्या दोन खरेद्या झाल्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आई पूर्वी एका फेरीत पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवायचं) सामान, सुकी मासळी आणि आमची दप्तरं सगळं आणायची. दप्तराला दोन आठवडे सुंगटांचा (सुक्या कोळंबीचा) वास.

टिंबटिंब

वर्गात बाकावर एकटं बसायला मिळत असेल.

म्हापसेकर

उलट, मांजरं सोबत यायची शाळेत.

शिवणटिपण

मी घरी शिवणकाम करते, जून म्हणजे माझी दिवाळी. रेडिमेड गणवेश मोठ्या मापाचा घेऊन ठेवायची सगळ्यांना सवय असते, "पुढच्या वर्षी पण होईल". होत नाही, कारण खांदा लोंबतो आणि पोरगं वर्षभर बुजगावण्यासारखं दिसतं, आणि पुढच्या वर्षी कॉलर विरलेली असते. त्यापेक्षा मापाचाच घ्या पण उलटा करून आत बघा. शिवणीत माया (जादा कापड) किती सोडलीय, खालची दुमड किती आहे. स्वस्तातल्या गणवेशात तिथेच कापड वाचवलेलं असतं. दोन बोटं दुमड असेल तर दिवाळीनंतर उसवून वाढवून देता येतं, अर्धं बोट असेल तर मी काय, ब्रह्मदेवही वाढवू शकत नाही.

कापड घेऊन शिवणार असाल तर आधी पन्हा (कापडाची रुंदी) विचारा, मग मीटरचा भाव. ३६ पन्ह्याचं कापड १२० ला आणि ५८ पन्ह्याचं १६० ला असेल तर महाग कुठलं? बायका १२० वालं घेऊन येतात आणि मग बाह्या पुरत नाहीत म्हणून माझ्याशी भांडतात. आणि सुती असेल तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात घाला, जे आटायचं ते बादलीत आटू दे, पोराच्या अंगावर नको.

अर्धा_हिशोब

वा, पन्हा! म्हणजे माझंच सूत्र. मीटरचा नाही, क्षेत्रफळाचा भाव.

शिवणटिपण

क्षेत्रफळ वगैरे माहीत नाही हो, बाही पुरली पाहिजे.

रोखठोक

मला या सगळ्या घासाघिशीचाच कंटाळा आलाय. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट पैसे देतो आणि रस्त्यावर रुमाल विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी वाद घालतो. लाज वाटली पाहिजे.

झेंडू

हे वाक्य मी दर दिवाळीला वॉट्सॅपवर वाचते. तुळशीबागेत चारशे सांगून दोनशेला देतात तेव्हा ते आधीच तुमची घासाघीस धरून चारशे सांगतात. तुम्ही चारशे दिलेत तर त्यांना वाईट वाटतं की सहाशे का नाही सांगितले. तो एक संवाद आहे. "सकाळची बोहनी आहे ताई", "बोहनी म्हणूनच कमी करा", दोघांनाही माहितेय पुढचं वाक्य काय येणार.

रोखठोक

म्हातारीचं बोलतोय मी, तुळशीबागेचं नाही.

झेंडू

मग म्हातारीशी कोण घालतंय इथे वाद? कुणाचं नाव घ्या ना. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

कोथरूडकर

वाद पुढच्या धाग्यावर. इथे ताईंच्या वह्या चालू आहेत.

दुकानदाराचं_पोर

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहावंसं वाटलं. तालुक्याच्या गावात आमचं जनरल स्टोअर्स होतं, शाळेच्या बरोबर समोर. आता भाऊ बघतो.

एप्रिल संपता संपता वह्यांचा माल यायचा. गोदाम वगैरे नव्हतं, आमचं माजघर हेच गोदाम. ओल लागू नये म्हणून खाली लाकडी फळ्या, त्यावर गठ्ठे, छतापर्यंत. आम्ही भावंडं महिनाभर त्या गठ्ठ्यांवर झोपायचो, कोऱ्या कागदाचा वास अजून नाकात आहे. वडिलांचे सगळे पैसे त्या महिन्यात कागदात अडकलेले असायचे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विकलं तर विकलं, नाहीतर उरलेली थप्पी दुसऱ्या सत्रापर्यंत तशीच, तोवर कडा पिवळ्या, आणि पिवळी वही आया हातात घेऊन परत ठेवतात.

आता ऐका. गावातले बरेच जण तुमच्यासारखेच जिल्ह्याला जाऊन डझनावर वह्या आणायचे. हरकत नाही, आम्ही असतो तर आम्हीही आणल्या असत्या. पण मग तेच लोक रात्री साडेनऊला अर्धं शटर खाली असताना यायचे, "पोरगं आत्ता सांगतंय, उद्या चार्टपेपर पाहिजे". वडील वाकून आत जायचे आणि काढून द्यायचे. कधी "ही चौकटीची निघाली, बदलून देता का?", आणि ती वही आमच्याकडची नसायचीच. वडील ती उलटसुलट करून बघायचे, काही बोलायचे नाहीत, आणि बदलून द्यायचे. आई आतून भांडी जरा जोरात ठेवायची.

मी त्यांना एकदा विचारलं का देता. म्हणाले, पोराला उद्या शाळेत उभं करतील.

आता कामाचं. कोपऱ्यावरच्या दुकानात कोणी सूट मागतच नाही, कारण सगळे एकेक वही घ्यायला जातात. पूर्ण यादी घेऊन मे महिन्यात जा, दुपारी, गर्दी नसताना, आणि विचारा की सगळं तुमच्याकडूनच घेतो, काय लावाल. आम्ही दहा टक्के डोळे मिटून सोडायचो, कधी बारा. शिवाय न वापरलेली वही दिवाळीपर्यंत परत. ६० च्या दुकानात तुम्हाला वही बहुतेक ५४ ला पडली असती. पण विचारावं लागतं.

पिशवीभर

दुकानदाराचं_पोर, तुमची पोस्ट साबांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या "मी सांगत होते", जे त्यांनी सांगितलं नव्हतं.

आणि अर्धा_हिशोब, तुमचं वाचून आत्ता उठून वही उलटी केली. १४०. एकशे चाळीस पानं! कोपऱ्यावरच्या वहीचा फोटो शेजारणीकडून मागवला, ती १७२ ची. आता मला गणित घालू नका प्लीज.

अर्धा_हिशोब

घालणारच. ४८ वह्या × १४० = ६७२० पानं. कोपऱ्यावरच्या भावाने (६० भागिले १७२) तेवढीच पानं २३४४ रुपयांना. तुम्ही दिले ४८ × ४४ = २११२. वाचले २३२. सातशे अडुसष्टचे दोनशे बत्तीस झाले. आणि वर मिसळ, रस, पार्किंग, रिक्षा ९४०.

टिंबटिंब

म्हणजे ७०८ रुपये देऊन पुणं बघितलं. स्वस्त आहे.

पिशवीभर

मिसळ छान होती पण.

करसल्ला

एक महत्त्वाचं कुणीच लिहिलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खडू-क्रेयॉन, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झालाय. वह्या-पेन्सिलींवर आधी १२% होता. त्यामुळे जुन्या छापील किमतीचा माल कुणी तसाच देत असेल तर विचारा. कपड्यांनाही मर्यादा बदलली, अडीच हजारापर्यंतच्या नगाला ५%.

खडूस_आजोबा

शून्य झाला तर मग वही ६० ला कशी?

करसल्ला

आजोबा, हा प्रश्न मी नाही, कागदवाला सोडवू शकेल.

भटक्या_पेठेतला

थोडं विषयांतर. एवढं अबचौक अबचौक चाललंय, हे अप्पा बळवंत कोण ते किती जणांना माहितेय? अप्पा बळवंत मेहेंदळे, पेशव्यांचे सरदार. वडील बळवंतराव मेहेंदळे पानिपतच्या मोहिमेवर होते, मुख्य लढाईच्या आधीच, डिसेंबर १७६० मध्ये तिकडे चकमकीत पडले. अप्पांचा वाडा इथे होता म्हणून चौकाला नाव. आज तिथे दहावीची गाईडं मिळतात.

कोथरूडकर

वडिलांचं पानिपत तिकडे, आमचं दर जूनला मुलाच्या चौकात.

मनू_जर्सीवाली

इथे न्यू जर्सीत बॅक टू स्कूल ऑगस्टमध्ये. शाळा यादी पाठवते, त्यात पेन्सिलीची कंपनीसुद्धा लिहिलेली, गोंदाच्या कांड्या बारा, आणि टिश्यूचे खोके, जे वर्गात सगळ्यांचे एकत्र होतात. पहिल्या वर्षी मी भारतातून बॅगेत भरून चारेघी वह्या आणल्या होत्या मुलाचं अक्षर सुधारेल म्हणून. टीचरने विचारलं हे संगीताचं आहे का.

शिवणटिपण

चारेघीवरून आठवलं. पिशवीभर ताई, दुसरीला गणिताला चौकटी लागते ना? आणि इंग्रजीला चारेघी? तुम्ही चार डझन सगळ्या एकाच प्रकारच्या घेतल्यात का?

टिंबटिंब

शांतता.

झेंडू

ताई ऑनलाइन दिसतायत. टायपिंग चालू आहे. थांबलं. परत चालू.

पिशवीभर

सगळ्या एकरेघी.

दुकानदाराने विचारलं होतं हो "कुठल्या देऊ", मी म्हटलं "साध्या, लाइनवाल्या". मागे वीस माणसं उभी, कन्या पाय ओढतेय, नवरोबा गाडीपाशी कारण टोइंगवाले फिरत होते. यादी फोनमध्ये होती.

ग्राहक_जागा_हो

वह्या बदलून मिळणं अवघड, त्यात दोष नाही, चूक तुमची. पण रेनकोट बघा आत्ताच. कायद्याने (२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा) सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलं म्हणून सदोष मालाची जबाबदारी सुटत नाही. अडलं तर १९१५ ला फोन. बिल आहे ना?

पिशवीभर

बिल मागितलं तर म्हणाला बिलाचे वेगळे पडतील.

ग्राहक_जागा_हो

मग १९१५ वाल्यांनाही काय सांगणार तुम्ही.

वैदर्भीय

रेनकोट बाथरूममध्ये तपासा. "डबल सिलाई" म्हणजे सुईची भोकं दुप्पट, बापा. शिवणीवर आतून टेप चिकटवलेली पाहिजे, नाहीतर पाणी बरोब्बर खांद्यातून आत येते. पोराला घालायला लावा, वरून दोन तांबे ओता अन् आतला बनियन बघा. आमच्या घरी दरवर्षी हा कार्यक्रम असते, पोरगं वाट पाहते.

(काही दिवसांनी)

पिशवीभर

धागा वर काढतेय. शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले.

रेनकोटची चाचणी घेतली. चिरंजिवांचा पास, कन्येचा डाव्या खांद्यात नापास. एकाच दुकानातले, एकाच किमतीचे. फॅब्रिकवर चिकटवायची टेप मिळते ती आणून आतून लावली, ६० रुपये. काल पावसात टिकली.

वह्या. कन्येच्या चौकटी आणि चारेघी मिळून १० हव्या होत्या. मान खाली घालून कोपऱ्यावर गेले, दहा एकरेघी सोबत घेऊन, विचारून तर बघू म्हणून. काकांनी वही उलटी केली, मागचं १४० वाचलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "अप्पा बळवंत?" मी हो म्हटलं. "सुतळीने बांधून दिल्या असतील." मी बोटं दाखवली, वळ गेलाय पण सवय. पाच बदलून दिल्या, वर पैसे घेऊन, उरलेल्या पाच विकत घेतल्या. या वेळी आधी विचारलं, किती लावाल. ५५ लावले. म्हणाले मे महिन्यात यादी आणली असती तर ५३. दुकानदाराचं_पोर, तुमच्या अंदाजापेक्षा काका एक रुपया पुढे निघाले.

उरलेल्या एकरेघी चिरंजिवांना सातवीपर्यंत पुरतील. आजोबा, दाभण लागणार नाही.

खडूस_आजोबा

ओल लागू देऊ नका. फळीवर ठेवा.

दुकानदाराचं_पोर

आणि वर्तमानपत्रात गुंडाळा, भिंतीला टेकवू नका.

टिंबटिंब

आणि बेडशीट? फोटो अजून आले नाहीत.

पिशवीभर

बेडशीटचं सांगणार नव्हते. लाल रंगाची एक साबांनी परवा मशीनला लावली. आत चिरंजिवांचा गणवेशाचा पांढरा शर्ट होता, तो आता गुलाबी आहे. उद्या पीटी. काही उपाय?

शिवणटिपण

वाळवलात का? वाळवला नसेल तर तसाच ओला ठेवा, उन्हात नको, इस्त्री तर अजिबात नको. पांढरे कपडेच असतील अशा बादलीत कोमट पाणी आणि पांढऱ्या कपड्यांचं ऑक्सिजनवालं ब्लीच, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, रात्रभर. सकाळी सांगा.

पिशवीभर

दोरीवर आहे. काढायला धावतेय.